भिंतीवरचं अँटवर्प

शारजाला मी काही बघायला गेले नव्हते, भाकऱ्या थापायला गेले होते. माझ्या धाकट्या बहिणीच्या, नंदाच्या नवऱ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि घरात हाताशी माणूस हवं होतं. सांगलीच्या प्राथमिक शाळेतून मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि रिकामपणाला कंटाळले होते. "ताई, येतेस का?" एवढंच नंदा फोनवर म्हणाली आणि मी पासपोर्टाच्या रांगेत उभी राहिले.

परत आल्यावर जो तो विचारतो, काय पाहिलंस, सोनं किती आणलंस. सोनं आणलं नाही. "एक घड्याळ पाहिलं," असं सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे काळजीने बघायला लागतो. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. साल २००२, महिना डिसेंबर.

शारजा, मंगळवार

"खसखस आणू नकोस हं, तुरुंगात टाकतात," असं नंदाने तीनतीनदा बजावलं होतं. तिथे खसखस म्हणजे अफूची सख्खी बहीण. मी अनारशांचं पीठ नेलं आणि खसखस घरी ठेवली. खसखशीशिवाय अनारसा म्हणजे कुंकवाशिवाय सवाष्ण, पण कायदा तो कायदा. शिवाय बॅगेत एक दगडी पाटी आणि पेन्सिलींचा पुडा होता. विमानतळावरच्या पोलिसाने पाटी उलटीसुलटी करून पाहिली, वाजवून पाहिली आणि "खलास, खलास, गो" म्हणून मला पुढे ढकललं.

पाटी नेण्याचं कारण सांगते. नंदाचे यजमान, मधुकरराव, यांना घशाचा कॅन्सर झाला होता. डॉक्टर त्यांचं स्वरयंत्रच काढून टाकणार होते. शनिवारी सकाळी ऑपरेशन, त्यानंतर आवाज नाही, कायमचा. मी पस्तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलंय. बोलता न येणाऱ्या माणसाला काय द्यावं याचा विचार करताना मला दुसरं काय सुचणार?

मधुकरराव दारात उभे होते. सहा फूट उंच, पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट. "या ताई, प्रवास नीट झाला ना?" आवाज पार घोगरा झालेला, पण बोलणं थांबत नव्हतं. विमानात काय खायला दिलं इथपासून सांगलीचं भडंग अजून तसंच मिळतं का इथपर्यंत त्यांनी मला सोफ्यावर बसेपर्यंत विचारून घेतलं. नंदाने माझ्या हातातलं घड्याळ काढून दीड तास मागे केलं आणि परत माझ्या मनगटावर बांधलं. "आता तू आमच्या वेळेत आलीस," ती म्हणाली.

दुपारी सगळे लवंडले. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा. माझ्या हातात सव्वादोन. शाळेत चुकलेलं घड्याळ मला एक तास सहन झालं नाही, तर बहिणीच्या घरात कसं होईल? स्टूल घेतलं, चढले, काटे फिरवले.

"मावशी, नो! डोन्ट टच दॅट!"

मागे सई. नंदाची एकुलती एक मुलगी, वय तेवीस, हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत नोकरी. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. तुम्ही म्हणाल "जेवलीस का?" तर ती म्हणेल "येस, आय एट."

"अगं, चुकलंय ते. तीन तास मागे आहे."

"इट्स नॉट राँग. इट्स अँटवर्प."

हे म्हणून ती चावी उचलून ऑफिसला निघून गेली, दुपारची पाळी होती तिची. मी स्टुलावर तशीच. अँटवर्प म्हणजे बेल्जियममधलं शहर, हिऱ्यांचा मोठा बाजार. सई जन्मली तिथे. शारजाला येण्याआधी ही मंडळी तिथेच राहत होती आणि नंदा पत्रांत लिहायची, "ताई, थंडीत आपल्यात साडेचार तासांचा फरक. तुझे साडेचार वाजतात तेव्हा माझे बारा." ते साडेचार तास माझ्या डोक्यात कायमचे बसले होते. मी माझं मनगट पाहिलं, साडेचार तास वजा केले, काटे लावले आणि खाली उतरले. झालं, जिथल्या तिथे. मी कुणाला बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काही उरलंय असं मला वाटलंच नाही.

देरा, बुधवार

मधुकररावांचा ऑफिसातला शेवटचा दिवस. "ताई, चला, आमचं दुकान बघा," म्हणाले. टॅक्सीचे पंचवीस दिरहम झाले, मी लगेच मनात सव्वातीनशे रुपये केले आणि सांगलीहून मिरजेला किती वेळा जाऊन येता आलं असतं याचा विचार करत बसले. मधुकरराव हसले. "इथे पहिले दोन आठवडे सगळेच गुणाकार करतात. मग थकतात."

दुबईच्या देरा भागातल्या सोन्याच्या बाजारामागे एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची बसायची जागा. उत्तरेची खिडकी, पांढरा कागद, चिमटा, भिंग. हिरे निवडणारा माणूस उत्तरेच्या उजेडात बसतो, तिथून ऊन थेट येत नाही म्हणून. दाणे चाळत ते रंगाप्रमाणे ढिगल्या करत होते. आमच्याकडे बायका तांदूळ निवडतात तसंच, फक्त इथे खडा ठेवतात.

तेवढ्यात दोन व्यापारी आले. एक पालनपूरचा गुजराती, दुसरा आर्मेनियन. अर्धा तास हिंदी, इंग्रजी आणि अरबीत घासाघीस चालली. एकमेकांकडे बघेनात, जणू दोघांचं भांडण आहे. मग एकाएकी दोघांनी हात मिळवला आणि दोघेही म्हणाले, "माझल."

पैशाची भाषा नाही, कागद नाही, सही नाही. उठून गेलेसुद्धा.

"झाला सौदा?" मी विचारलं.

"झाला. आता भाव दुप्पट झाला तरी तो फिरणार नाही, निम्मा झाला तरी हा फिरणार नाही. उद्या मेला तर त्याचा मुलगा पाळेल. जगात कुठल्याही हिरे बाजारात जा, हा एक शब्द चालतो. दैव चांगलं असो, असा अर्थ."

"पण कुठला शब्द हा? अरबी?"

मधुकररावांनी दाराकडे पाहिलं आणि आधीच बसलेला आवाज आणखी खाली आणला. "यिडिश. युरोपातल्या ज्यू लोकांची घरातली भाषा. ऐकायला जर्मनसारखी, लिहायला हिब्रू अक्षरं, उजवीकडून डावीकडे. इथे मी तिला 'अँटवर्पची भाषा' म्हणतो. चारचौघांत उगाच कशाला."

मग मला सगळी हकिगत कळली. तरुणपणी मुंबईच्या हिरे बाजारात कारकून असलेल्या मधुकररावांना मालकाने अँटवर्पला पाठवलं. तिथे एकाच टेबलावर समोर बसायला मिळाला हर्शल. यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, तापट, नकला करणारा. इंग्रजी कच्चं. दोघांना एकमेकांशी बोलायचं तर कुणाला तरी शिकणं भाग होतं आणि "तो शिकणाऱ्यातला नव्हता". मधुकररावांनी अकरा वर्षं टेबलावर बसून यिडिश उचलली, शिव्यांपासून सुरुवात करून. 'मधुकर' हर्शलच्या तोंडात बसेना, त्याने त्याचं 'मॉटके' केलं.

"त्या गावात ती भाषा अजून जिवंत आहे हो, ताई. काळे कोट घातलेली मंडळी, दुकानं, शाळा, रस्त्यात पोरं भांडतात तीसुद्धा यिडिशमध्ये. पण हर्शल त्या कडक सोवळ्यातला नाही. त्याचा मुलगा तिथली फ्लेमिश बोलतो, नातवंडं इंग्रजी. बायको होती, फेगे, ती गेली. बाजारात आता सगळे गुजरातीत बोलतात. मी निघालो तेव्हा म्हणाला, मॉटके, तू चाललास, मी आता शिव्या कुणाला देऊ? तेव्हा ठरलं. दर शुक्रवारी, शाबेसच्या दिव्यांच्या आधी, मी फोन करायचा. हात मिळवला आणि माझल म्हणालो."

शाबेस म्हणजे त्यांचा शनिवारचा विश्रांतीचा वार. तो शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो. एकदा दिवे लागले की फोन उचलायचा नाही, विजेचं बटण दाबायचं नाही. त्यासाठीच स्वयंपाकघरात अँटवर्पची वेळ. मला आमच्या संकष्टीची आठवण झाली, दिनदर्शिकेत गावोगावचा चंद्रोदय बघून भुकेलेली माणसं घड्याळाकडे डोळे लावून बसतात ती.

"मग परवा शेवटचा फोन?" मी विचारलं.

"त्याला ऑपरेशनचं सांगितलेलं नाही अजून. आवाज जाणार, हे आवाजानेच सांगायला हवं ना?"

"टेपवर बोलून ठेवा. मी पोस्टात टाकते."

"टेपवर माझल होत नाही, ताई. समोरून कुणीतरी म्हणावं लागतं."

शारजा, गुरुवार

तिकडे तेव्हा गुरुवार-शुक्रवारची सुट्टी. सकाळी आम्ही दोघी बहिणी अनारसे तळायला बसलो. खसखशीऐवजी साखरेचे जाड दाणे लावले. सई आली, एक उचलला, उलटा केला, ठेवला.

"फेगे मेड अ केक विथ दोज ब्लॅक सीड्स," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

"काळी खसखस," नंदा म्हणाली. "तिकडे केकमध्ये भरभरून घालतात. शाळा सुटली की ही हर्शलच्या घरी. मी नोकरीवर, हे टेबलावर. फेगेबाईंनीच वाढवलं म्हण ना. हिला मराठीच्या आधी ती भाषा आली."

"मग आता बोलते?"

"छे! दहा वर्षांची होती आम्ही निघालो तेव्हा. तीन दिवस जेवली नाही. इथे उतरल्यावर म्हणाली, मी सगळं विसरले. यिडिश विसरली आणि तेव्हापासून आमच्याशी मराठीही बोलत नाही. फेगेबाई गेल्या तेव्हा फोनवर ये म्हटलं, तर दार लावून बसली. बापाने हट्टाने तिला उचलून आणलं, हाच तिचा राग."

तेरा वर्षं राग! मी म्हणाले, पोरगी अस्सल आमच्या माहेरची आहे.

अल ऐन, शुक्रवार

रात्री दहाला हॉस्पिटलात हजर व्हायचं होतं. मधल्या दिवसाचं काय करायचं, तर मधुकररावांनी फर्मान काढलं, ताईंना अल ऐन दाखवायचं. सईने गाडी काढली. दोन्ही बाजूंना लाल वाळू, मधोमध सरळसोट रस्ता, आणि मग एकाएकी हिरवंगार गाव.

मला उंट नको होते, वाळू नको होती. खजुरांची बाग मात्र आवडली. मातीच्या भिंतींमधून बोळ, वर झावळ्यांची सावली आणि खाली पाटाचं पाणी. आमच्या कोकणातल्या मामांच्या सुपारीच्या वाडीत अस्सेच पाट होते आणि पाण्याच्या पाळ्यांवरून अशीच भांडणं. एक म्हातारा पठाण बांध फोडून पाणी वळवत होता. मधुकरराव त्याच्याजवळ उकिडवे बसले. पाळी किती वेळाची, पूर्वी कशी मोजत, सगळं हिंदीत विचारलं.

"पहले साया देखते थे, साहब. अब घड़ी है. घड़ी से झगड़ा ज़्यादा होता है," पठाण म्हणाला आणि ओंजळभर खजूर माझ्या पदरात टाकले.

त्या दिवशी मधुकरराव अखंड बोलत होते. चहावाल्याशी मल्याळममधले चार शब्द, पोलिसाशी अरबी, नंदाशी मराठी, माझ्याशी तर विचारूच नका. नंदा म्हणाली, "अहो, घसा जपा." ते म्हणाले, "कुणासाठी?" सई पुढे चालत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण तिची चाल मंदावली.

परतताना घसा दुखायला लागला म्हणून त्यांनी गोळी घेतली आणि मागच्या सीटवर गाढ झोपले. वाटेत अपघातामुळे रस्ता तुंबलेला. सईने आम्हा दोघांना इमारतीखाली सोडलं आणि ती नंदाला घेऊन हॉस्पिटलच्या यादीतल्या वस्तू आणायला तशीच पुढे गेली.

मनगटी घड्याळ मधुकररावांनी ऑपरेशनसाठी सकाळीच काढून ठेवलं होतं. वर आल्याआल्या त्यांनी स्वयंपाकघरात डोकावलं. घड्याळात अडीच.

"वा! सईने गाडी हाणली म्हणायची. साडेतीनला करतो फोन, अजून तास आहे. थंडीत बाहेर अंधार लवकर पडतो, वेळ कळतच नाही."

त्यांनी गरम पाण्याने अंघोळ केली, दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. फोनवर कोण शर्ट बघणार होतं? पण तेरा वर्षं ते असेच बसत, नंदा मागाहून म्हणाली. मी आल्याचा चहा केला. सावकाश, एकेक घोट करून प्यायले. हर्शलला कसं सांगायचं याची वाक्यं ते हळू आवाजात जुळवत होते. साडेतीनला त्यांनी नंबर फिरवला.

रिंग वाजत राहिली. मला पलीकडून ऐकू येत होती. वाजून वाजून थांबली. "बाथरूममध्ये असेल," म्हणाले आणि पुन्हा फिरवला.

तेवढ्यात दार उघडून सई आत आली. मागून नंदा, हातात पिशव्या.

"बाबा, हू आर यू कॉलिंग?" सईने मनगट पाहिलं. "इट्स एट ओ'क्लॉक. इट्स फाइव्ह देअर. शाबेस हॅज स्टार्टेड."

मधुकररावांनी रिसीव्हर ठेवला. रिंग वाजत असतानाच, अलगद. मग स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "पण साडेतीनच तर झालेत."

मी माझं मनगट पाहिलं. आठ! साडेचार तास सांगलीचे! शारजाचे तीनच. माझं मनगटी घड्याळ नंदाने आधीच दीड तास मागे केलं होतं आणि मी शहाणीने त्यातून आणखी साडेचार काढले होते. पस्तीस वर्षं मुलांना वजाबाकी शिकवून ही माझी वजाबाकी. मी तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. लपवण्यासारखं वय राहिलं नव्हतं आणि लपवून कुठे पाप फिटतंय.

नंदा खाली बसली. सई माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं होतं ओरडेल, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"उद्या शाबेस संपला की करा," मी म्हणाले आणि म्हणताम्हणता जीभ चावली. उद्या शाबेस संपेपर्यंत यांचा आवाज संपलेला असणार होता.

मधुकरराव उठले, माझ्यासमोर आले. "ताई, पहिल्यांदा भिंग हातात धरलं तेव्हा मी काचेचा तुकडा हिरा म्हणून मालकाला दिला होता. चुका होतात. डबा भरा, निघू या." मग सोफ्यावर बसले आणि बुटांच्या नाड्या बांधायला त्यांना फार वेळ लागला. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. माझी मलाच इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुबई, पुढचा शुक्रवार

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला भोक, त्यात नळी, नाकातून दुसरी नळी. हॉस्पिटलात वाईट काहीच नव्हतं, मिरजेच्या दवाखान्यांची सवय असलेल्या मला तर तिथली फरशी जेवायला बसण्याइतकी स्वच्छ वाटली. एक केरळी नर्स, एक फिलिपिनो नर्स, दोघी मधुकररावांना "बाबा" म्हणायच्या. त्यांची ती पाटी मात्र सगळ्यांच्या कौतुकाचा विषय झाली. कागद संपतो, पाटी संपत नाही.

नंदाने विचारलं, हर्शलच्या मुलाला कळवू का. पाटीवर उत्तर आलं: नको. शुक्रवार.

बुधवारी ते बराच वेळ काहीतरी लिहीत बसले. मी डोकावले. अक्षरं आपलीच, देवनागरी, सुरेख. वाचता सगळं येत होतं, कळत काहीच नव्हतं. 'गुट शाबेस हर्शल. मॉटके केन मेर निश्ट रेडन.' खाली मराठीत लिहिलं: मॉटके आता बोलू शकत नाही.

मी सईकडे पाहिलं. ती खिडकीशी उभी होती. तिला शाळेत हिंदी होतं, देवनागरी वाचता येत होती.

"बाबा, आय डोन्ट रिमेंबर एनीथिंग," ती म्हणाली. "प्लीज."

मधुकररावांनी मान डोलावली. पाटी पुसायला हात उचलला, तो मी धरला. "मी वाचीन," म्हणाले. घड्याळ मी बिघडवलं होतं, निस्तरायला नको? ते माझ्याकडे बघून हसले, आवाज नसलेलं हसू. दोन दिवस त्यांनी मला शिकवलं. मी वाचायची, ते बोटाने खूण करायचे, इथे लांब, इथे तोडून. पहिलीतली पोरं माझ्यासमोर कशी थरथरत असतील ते मला साठीला टेकल्यावर समजलं. चार ओळी मी पाठ केल्या.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा. अँटवर्पचे साडेतीन, या वेळी सईने दोनदा मोजून सांगितलं. मधुकररावांनी नर्सकडून दाढी करवून घेतली होती आणि हॉस्पिटलच्या झग्यावर धुतलेला शर्ट पांघरला होता. सईने आपल्या मोबाइलवर नंबर लावून माझ्या हातात दिला. तिसऱ्या रिंगला उचलला.

"मॉटके?" म्हातारा, खणखणीत आवाज. आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

मी पाटीकडे बघून वाचलं. "गुट शाबेस, हर्शल. दोस रेट मॉटकेस श्वेगरिन." ही मॉटकेची मेहुणी बोलतेय. "मॉटके केन मेर निश्ट रेडन."

मग त्याने काहीतरी विचारलं. लांबलचक. मी पाटीकडे पाहिलं. पाटीवर उत्तर नव्हतं. मी पुढची ओळ वाचली. त्याने पुन्हा विचारलं, मोठ्याने. आवाज चिरकला. मधुकरराव उठू पाहत होते, नळी ओढली गेली, नंदाने त्यांना धरलं. त्याने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो रडत होता, हे कळायला भाषा लागत नाही.

माझ्या हातातून फोन कुणीतरी हिसकावला.

"हर्शल," सई म्हणाली. "हर्शल, दोस बिन इख. सई."

मी आहे, सई. मग ती बोलायला लागली. आधी अडखळत, शब्द शोधत, मध्येच इंग्रजी. मग भरभर. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण आवाज कळत होता. तेवीस वर्षांची, ऑफिसात माणसं हाताखाली असलेली ही मुलगी दहा वर्षांच्या पोरीच्या आवाजात बोलत होती. भाषा जिथे सोडली होती तिथेच ती उभी होती ना. पलीकडून एक आरोळी आली, मग हसणं, मग नाक शिंकरणं. मधुकररावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मीही नाही पुसलं.

मध्येच सई थांबली. फोनवर हात ठेवून बापाकडे वळली.

"बाबा, ही सेज, ही हर्ड इट रिंग." मग तिने आम्हाला सांगितलं. मागच्या शुक्रवारी त्याने दिवे लावून टाकले होते आणि मग फोन वाजला. उचलता येईना. तो खुर्ची ओढून फोनशेजारी जाऊन बसला. शेजारी बसायला कुठे बंदी आहे? रिंग वाजत होती तोवर तो फोनशी बोलत बसला. आठवडाभराचं सगळं सांगितलं, गुडघा, भाव, सुनेची तक्रार. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा शिव्या दिल्या, तेरा वर्षांत पहिल्यांदा उशीर केलास म्हणून. "ही सेज, मॉटके, डिडन्ट युवर टी एव्हर फिनिश?"

मधुकररावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं खोकला आला, तर ते हसत होते. त्यांनी पाटी ओढली, सगळं पुसलं आणि एकच ओळ लिहून तिच्यासमोर धरली, मराठीत: पुढचा शुक्रवार कुणाचा, विचारतोय का?

सई म्हणाली, "ही जस्ट आस्क्ड."

तिने फोन तोंडाशी धरला. दोन शब्द बोलली. मग पलीकडून आलं आणि इकडून तिनेही म्हटलं, "माझल." हात मिळवायला हर्शल समोर नव्हता. मधुकररावांनी पलंगावरून आपला हात पुढे केला, सुई टोचलेला, पट्टी लावलेला. सईने तो धरला आणि सोडला नाही.

परतीच्या आदल्या दिवशी मी सईला म्हटलं, बाई, ते स्वयंपाकघरातलं घड्याळ तूच लाव आता, मला भरवसा नाही. ती स्टुलावर चढली. मनगट बघून, ओठांनी मोजत तीन तास मागे नेले. मग वरूनच माझ्याकडे बघितलं आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली.

"मावशी, आता याला हात लावायचा नाही हं."